माझ्या हिरड्या आणि जावेचा गिलास

बिछायतीच्या धंद्यात सुतळी दातात धरायची सवय लागते. ताटांची थप्पी गुडघ्याने दाबायची, सुतळीचं एक टोक दातात पकडायचं आणि दोन्ही हातांनी गाठ मारायची. वीस वर्षं मी असंच करत आले. त्या वैशाखात एका लग्नाहून परत आलेली ताटं बांधत होते. सुतळी ओढली आणि खालचा पुढचा एक दात सुतळीबरोबर पुढे आला. पडला नाही. जिभेने ढकलला तर मागे गेला. सुतळीवर लाल डाग होता.

मी ताटं मोजून संपवली, वहीत आकडा लिहिला आणि मगच आरशात पाहिलं.

आमगावात आमचं बिछायत केंद्र आहे. गाद्या, सतरंज्या, गंज-पातेली, ताटं, गिलास, खुर्च्या आम्ही भाड्याने देतो. माझे यजमान भोजराज टेम्पो आणि मंडपाचं पाहतात, मी माल आणि वह्या पाहते. किती गेलं, किती आलं, काय फुटलं, काय दुसऱ्याच्या मालात मिसळलं, हे सगळं मी लिहून ठेवते. माणसांवर विश्वास ठेवून हा धंदा होत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे वागले त्यात या सवयीचा मोठा हात आहे.

हे लिहिते आहे ते ज्यांच्या ब्रशवर रोज थोडं रक्त दिसतं आणि जे ब्रश धुऊन परत ठेवून देतात, त्यांच्यासाठी. मीही सात-आठ वर्षं तेच केलं.

लवंग, तुरटी आणि मग गोंदिया

पहिले पंधरा दिवस मी घरगुती उपाय केले: लवंगेचं तेल, तुरटीच्या गुळण्या, मीठ-मोहरीचं तेल. दुखत नव्हतं, म्हणून धीर होता. हीच या आजाराची लबाडी आहे. दुखत नाही. दुखणाऱ्या दाताला माणूस घेऊन जातो, हलणाऱ्याला सांभाळून घेतो.

आमच्याकडे दात हलणं हा आजार समजतच नाहीत. माझी आई कामठ्याची. चाळिशी ओलांडली तेव्हा तिच्या तोंडात वर एकही दात नव्हता. मामी, मावशी, सगळ्यांचं तेच. "बाईचे दात लेकरांसंगं जातात," असं आई म्हणायची. मला वाटलं, माझी पाळी आली.

शेवटी भोजराज बोलले, "तू दुसऱ्याच्या खुर्चीचा पाय हलला तर रात्रभर झोपत नाहीस. तोंडातला दात हलून राहिला तर चालते का?"

गोंदियाच्या डॉक्टरांनी एका बारीक सळईने प्रत्येक दाताभोवतीची हिरडी मोजली आणि ते आकडे सहायक मुलीला सांगत गेले. तीन, चार, सात, आठ, सहा. आकडे ऐकायची मला सवय आहे, पण हे कशाचे आहेत ते कळेना. मग त्यांनी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला.

"मैडम, ये हड्डी देखिए. यहाँ तक होनी चाहिए थी, यहाँ पर है. ये दो दाँत तो नहीं बचेंगे. बाकी के लिए मेहनत करेंगे."

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की हा एक्स-रे दुसऱ्या कुणाचा असेल. माझ्या डाव्या बाजूची मागची दाढ लहानपणी पेरू खाताना तुटलेली आहे, अर्धीच आहे. मी उठून पडद्याजवळ गेले आणि ती अर्धी दाढ शोधली. सापडली. एक्स-रे माझाच होता. मी परत खुर्चीत येऊन बसले.

दुसरा विचार: हा माणूस दोन दात काढणार म्हणजे नवे चार विकणार.

डॉक्टरांनी विचारलं, "दिनभर में मुँह में क्या-क्या जाता है, लिख के ला सकती हैं? सब कुछ. चाय, पान, सुपारी, तंबाखू, सब."

यादी म्हटल्यावर मी तिथेच वहीचं पान काढलं. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, वेळेसकट लिहिलं. चहा तीन वेळा. भात दोन वेळा. सुपारी कधीतरी, लग्नाच्या घरी. बडीशेप. दोन वेळा ब्रश. पान भरून दिलं. डॉक्टरांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"तंबाखू?"

"नाही."

"पक्का?"

"मी खात नाही," मी म्हणाले. खरंच खात नव्हते.

जाताना त्यांनी एक वाक्य टाकलं. या आजाराचा एक प्रकार घराण्यात चालतो, मुलगी असेल तर तिलाही आणा. मी घरी येऊन भोजराजना सांगितलं, "एक गिऱ्हाईक मिळालं की घरचं दुसरं मागतात."

ब्रश

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पल्लवीचा ब्रश पाहिला. पल्लवी आमची एकुलती, बारावीला. ती अंघोळीला गेली तेव्हा मी मोरीजवळच्या डब्यातून तिचा ब्रश काढून उजेडात धरला. ब्रशच्या केसांच्या मुळाशी गुलाबी रंग होता.

सलग तीन दिवस पाहिला, तिन्ही दिवस गुलाबी. चौथ्या दिवशी तिने मला पकडलं.

"आई, तू माझा ब्रश कायले पाहून राहिली?"

"तोंड उघड."

"काऊन?"

"उघड म्हटलं ना."

तिने उघडलं. वरून सगळं छान होतं. पांढरे, सरळ, तिच्या बापासारखे दात. पण मागच्या दाढेजवळची हिरडी फुगलेली आणि तकतकीत होती. माझी तिच्या वयात कशी होती, मला आठवेना. कुणी कधी पाहिलीच नव्हती.

तिथून पुढे मला माझ्या दोन दातांचं काही वाटलं नाही. एकच प्रश्न उरला: माझ्या तोंडात जे आहे, तेच हिच्या तोंडात आहे का?

कुर

गोंदियाच्या डॉक्टरांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात दुसरं मत घ्यायला गेले. गंमत अशी की त्यांनीच तिथल्या मॅडमना चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीवरही मला शंका आली. बंद पाकीट गाडीत उघडून वाचलं. त्यात माझे आकडे होते, माझी ती यादी होती आणि शेवटी एक ओळ, की पेशंट नीट माहिती ठेवतात, त्यांना सविस्तर सांगा.

मॅडम मराठी बोलणाऱ्या, माझ्याच वयाच्या होत्या. जंतूंबद्दल त्यांनी जे सांगितलं त्यातलं मला कळलं तेवढंच लिहिते. सगळ्यांच्या तोंडात जंतू असतात. हिरडी खराब करणारे काही ठरावीक असतात. पण एकाच नावाचा जंतू दोन माणसांत सापडला म्हणून तो एकच असं नाही. त्याच्या आत पुन्हा प्रकार असतात. वरून, सूक्ष्मदर्शकातून, ते ओळखू येत नाहीत, त्यांच्या आतली जनुकं वाचावी लागतात. एक प्रकार वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. दुसरा, त्याच नावाचा, तरुण मुलांची हाडं खातो.

मी म्हणाले, "म्हणजे जात एक, कुर वेगळं."

मॅडमना कुर माहीत नव्हतं. मी सांगितलं, आम्ही पोवार, लग्न जमवताना आमच्यात आधी कुर, म्हणजे कूळ, विचारतात. माणूस कितीही ओळखीचा असला तरी कुर कळल्याशिवाय पुढची बोलणी होत नाहीत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगदी तसंच. आपल्याला कुर बघायचं आहे."

त्या जंतूचं नाव मी वहीत उतरवून घेतलं आहे. इथे देत नाही. मोबाइलवर शोधून घाबरण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, मी ते करून पाहिलं आहे.

नमुने फक्त माझे आणि पल्लवीचे नाही, तर एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांचे घेऊ, असं मॅडम म्हणाल्या. हे जंतू थुंकीतून जातात, आणि बहुतेक वेळा लहान असताना घरातल्याच माणसाकडून येतात.

घरातल्याच माणसाकडून. परतीच्या गाडीत मी हे वाक्य घोळवत बसले. भंडारा येईपर्यंत मी माणूस नक्की केला होता.

एक डबी

माझी मोठी जाऊ, निर्मलाबाई. मी तिला बाई म्हणते. घर एक, चूल एक. मोठे भाऊजी शेती पाहतात, त्यांचा मुलगा रायपूरला नोकरीला आहे. पल्लवी चार महिन्यांची होती तेव्हापासून मी पुन्हा दुकानात बसते आहे. तिला भरवलं, न्हाऊ घातलं, निजवलं ते बाईनेच. बाईच्या ताटात जेवून ती पोरगी मोठी झाली. बाईच्या बोटाने, बाईच्या चमच्याने.

आणि बाई गुडाखू घासते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाच्या काकवीचा काळा लगदा, डबीत मिळतो. बोटावर घेऊन हिरड्यांना घासायचा. आमच्या भागात कितीतरी बायका घासतात. पोट साफ होतं, दात दुखत नाही, सकाळी डोकं हलकं होतं, अशी कारणं देतात.

मी बाईकडे बोट दाखवत होते तेव्हा माझ्या यादीत एक ओळ नव्हती, ती आता लिहिते. गुडाखू मीही घासत होते. चौदा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आईने माझ्या हिरडीवर बोट फिरवलं होतं, तेव्हापासून. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईने मला मागच्या अंगणात पाहिलं, काही न बोलता स्वतःची डबी पुढे केली. त्या दिवसापासून रोज पहाटे आम्ही दोघी विहिरीजवळच्या दगडावर बसायचो, मध्ये एक डबी. ती बोट बुडवायची, तोंडात घालायची, पुन्हा बुडवायची. मीही. दिवसभरात आम्हा दोघींनाच असं बोलायला तेवढाच वेळ मिळायचा. पुरुषांना ठाऊक होतं आणि ते विचारत नसत.

डॉक्टरांनी तंबाखू विचारला, मी "खात नाही" म्हटलं. वीस वर्षं गिऱ्हाइकांकडून अशी उत्तरं ऐकली आहेत. "फुटलं नाही हो, फक्त चिरलं आहे."

नमुना

पुढच्या खेपेला आम्ही चौघं नागपूरला गेलो: मी, भोजराज, पल्लवी आणि बाई. मोठे भाऊजी शेतीचं काम सोडून आले नाहीत. बाईला मी एवढंच सांगितलं होतं की घरातल्या सगळ्यांचे दात तपासायचे आहेत. ती नवीन पातळ नेसून, डब्यात चकोल्या घेऊन निघाली.

नमुना घेणं अगदी साधं असतं, घाबरू नका. कागदाची बारीक काडी हिरडी आणि दाताच्या फटीत थोडा वेळ ठेवतात आणि छोट्या नळीत टाकतात. दुखत नाही. नळ्या चार होत्या, सारख्या दिसणाऱ्या. त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण चिठ्ठी निघू शकते. मी माझ्या पर्समधलं मार्कर काढलं आणि प्रत्येक नळीवर स्वतःच्या हाताने खूण केली. एक रेघ माझी, दोन पल्लवीच्या, तीन बाईच्या, फुली भोजराजची. तिथली मुलगी कंटाळली, पण मॅडम म्हणाल्या, करू द्या.

मग मॅडमनी बाईला नेहमीचा प्रश्न विचारला. "तंबाखू, सुपारी काही?"

"तंबाखू नाही खात बाप्पा मी," बाई म्हणाली. "गुडाखू घासतो. आमी दोघी घासतो. एकाच डबीतून."

मॅडमनी माझा कागद उचलला. वेळेसकट लिहिलेली ती यादी. वरपासून खालपर्यंत पाहिली. भोजराज खिडकीबाहेर पाहू लागले. पल्लवी माझ्याकडे पाहत होती.

"आई? तू पण?"

मी मार्कर पर्समध्ये ठेवलं. बाईला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. तिने विचारलं, "काऊन वो? सांगाचं नव्हतं का?"

परतीच्या गाडीत तिने चकोल्यांचा डबा उघडला. मी खाल्ल्या नाहीत.

ठिपका

रिपोर्टला काही आठवडे लागणार होते. या आठवड्यांत मी जे केलं ते लिहायचं नसतं तर हा लेखच लिहिला नसता.

लग्नाच्या घरी दोन-तीन बिछायतवाल्यांचा माल एकत्र होतो. आपला गिलास दुसऱ्याच्या पोत्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकाची एक खूण असते. आमची खूण म्हणजे बुडाला लाल ऑइल पेंटचा ठिपका. तो डबा आणि बारीक ब्रश माझ्या टेबलाखाली कायम असतो.

एका दुपारी बाई शेतावर गेली होती. मी तो डबा घरात आणला आणि तिच्या गिलासाच्या, ताटाच्या, वाटीच्या आणि चमच्याच्या बुडाला ठिपका लावला. ती भांडी वेगळ्या फळीवर ठेवली. पल्लवीला सांगितलं, ठिपक्याचं भांडं वापरायचं नाही आणि मोठ्या आईच्या ताटात जेवायचं नाही.

"का?"

"रिपोर्ट येईपर्यंत."

"आणि मग?"

मी ऑइल पेंटचा डबा परत दुकानात नेऊन ठेवला.

बाई वीस वर्षं माझ्या दुकानाची भांडी घासत आली आहे. हंगामात हजार-हजार गिलास तिच्या हाताखालून जातात. स्वयंपाकघरात आपला गिलास पालथा दिसल्यावर तिला ठिपका समजायला किती वेळ लागणार होता? त्या संध्याकाळी तिने गिलास उचलला, बुड पाहिलं, अंगठा ठिपक्यावरून फिरवला. रंग वाळला होता.

"दुकानात ठिपका लागला का भांडं आपलं होते," ती म्हणाली. "घरात लागला का परकं होते का वो सरिता?"

"डॉक्टरांनी सांगितलं आहे, बाई." हे खोटं होतं.

"बरं," ती म्हणाली आणि त्याच गिलासात पाणी घेऊन प्यायली.

त्यानंतर पहाटे ती दगडावर एकटी बसायची. मी खिडकीतून पाहायची. डबी मध्ये ठेवायची तिची सवय गेली नव्हती. बसायची एका कडेला आणि डबी दगडाच्या मधोमध.

खोल सफाई

याच काळात माझे उपचार चालू होते. गोंदियाच्या त्याच डॉक्टरांकडे परत गेले, कारण दर आठवड्याला नागपूर शक्य नव्हतं. त्यांना गुडाखूबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "मुझे पता था. मसूड़े का रंग बोलता है. आप बताएँगी, इसका इंतज़ार था." मला राग आला, आणि थोडं हलकंही वाटलं.

तोंडाचे चार भाग करून दर खेपेला एका भागाची हिरडीखालून सफाई केली. बधिर करतात, त्यामुळे दुखत नाही, पण आवाज सहन होत नाही. हाडावर काहीतरी खरवडल्याचा आवाज आपल्याच डोक्यात येतो. मी मनात ताटांचे पाढे म्हणत राहायची. दोन दात काढले. एकीकडे हिरडी उघडून टाके घातले. सूज उतरेपर्यंत चार दिवस चमच्याने पातळ खायचं.

सगळ्यात अवघड काय होतं म्हणाल तर गुडाखू सोडणं. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, पोट गच्च. दुकानात दोन गिऱ्हाइकांशी भांडले. नवव्या दिवशी नवी डबी विकत आणून मागच्या दारापर्यंत गेले होते. बाहेर बाई बसली होती, म्हणून परत फिरले. तिच्याशी अबोला होता म्हणून माझं व्यसन सुटलं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

टाके घातले त्या दिवशी घरी आले तर ओट्यावर झाकून ठेवलेली पेज होती. तांदळाची, गार केलेली, मीठ बेताचं. बाईने केली होती. सांगायला ती थांबली नव्हती. मी वाटी उचलली आणि बुड पाहिलं. ठिपका नव्हता, माझीच वाटी होती. तरी मला वाटलं, हिने चाखून पाहिली असेल का? पळी तिची तर नसेल?

ती पेज मी गाईच्या बादलीत ओतली. भूक लागलेली होती, तरी ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज होती. तीही ओतली. तिसऱ्या दिवशी प्यायले, ती केवळ अंगात ताकद उरली नव्हती म्हणून.

रिपोर्ट

पोळ्याच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. या, बसून बोलू, म्हणाल्या. मी आणि पल्लवी गेलो. रस्ताभर ती कानात गाणी लावून बसली होती आणि तिचा हात माझ्या हातात होता. बारावीची मुलगी गाडीत आईचा हात धरत नाही. मीही सोडला नाही.

मॅडमनी टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर चार उभ्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीत आडव्या काळ्या रेघा. वर माझ्याच मार्करच्या खुणा उतरवलेल्या: एक रेघ, दोन, तीन, फुली.

"काही सांगू नका," मी म्हणाले. "मला पाहू द्या."

जुळणी करायला मला कुणी शिकवायला नको. पहिली पट्टी आणि दुसरी पट्टी सारखी होती, रेघेला रेघ. फुलीची पट्टी वेगळी. तीन रेघांची पट्टी आणखी वेगळी. कुठूनही जुळत नव्हती.

मी तीन वेळा बोट लावून पाहिलं.

"तुमचं आणि पल्लवीचं कुर एकच आहे," मॅडम म्हणाल्या. माझाच शब्द त्यांनी लक्षात ठेवला होता. "वाईटातलं आहे. तुमच्या यजमानांचं आणि जाऊबाईंचं वेगळं आहे, साधं आहे."

"म्हणजे बाईकडून..."

"नाही. कोणी कोणाला दिलं हे कागद सांगत नाही. पण जाऊबाईंकडून आलेलं नाही, एवढं तो सांगतो."

नळ्यांची अदलाबदल झाली असेल, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण खुणा माझ्या होत्या. रिपोर्ट चुकला म्हणायची सोय मीच माझ्या हाताने बंद केली होती.

मग मला आठवलं. पल्लवी चार महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा दुकानात बसू लागले खरी, पण ती खायला लागल्यावर संध्याकाळचा पहिला घास मीच भरवायची, हट्टाने. तो माझा हक्क होता. पोळीचा तुकडा आधी माझ्या तोंडात मऊ करायची आणि मग तिच्या. माझ्या आईने मला तसंच भरवलं होतं, तिच्या आईने तिला. प्रेमाची हीच पद्धत मला माहीत होती. आईचा नमुना आता कुणी घेऊ शकत नाही, पण तिचं बोळकं मला आठवतं.

पल्लवीने विचारलं, "माझे दात पडतील का?"

मॅडमनी तिचा एक्स-रे लावला. दोन दाढांजवळ हाड नुकतंच उतरायला लागलं होतं. "आत्ता आलीस म्हणून नाही पडणार. पाच वर्षांनी आली असतीस तर मी असं बोलले नसते."

"तिलाही आणा" म्हणणाऱ्या गोंदियाच्या डॉक्टरांना मी गिऱ्हाइकं गोळा करणारा म्हटलं होतं. त्यांची माफी मी पुढच्या खेपेला मागितली. ते म्हणाले, "किस बात की?" त्यांना ठाऊकच नव्हतं.

राहू दे

बाईची माफी मागणं इतकं सोपं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं.

मी घरी आले ते घासणी आणि रॉकेलचा बोळा घेऊनच स्वयंपाकघरात गेले. बाई भाजी चिरत होती. मी तिला रिपोर्ट सांगितला, जसा होता तसा. तुझं कुर वेगळं, पल्लवीचं आणि माझं एक. पेज ओतली तेही सांगितलं, कारण अर्धी यादी देण्याचा परिणाम मी पाहिला होता.

तिने आधी विचारलं, "पोरीचे दात वाचतात का?"

"वाचतात."

"मंग झालं." तिने विळीवरची भाजी पातेल्यात टाकली. "पेज गाईले टाकली हे मले मालूम होतं. गाय काई बादली धुऊन ठेवत नाही."

मी तिचा गिलास घेतला आणि बुडाला बोळा लावला. तिने माझ्या हातातून गिलास काढून घेतला.

"राहू दे."

"बाई, मी पुसते. चूक झाली."

"चूक झाली ते मले समजते. राहू दे तो ठिपका. तुले आठवण राहील." मग डोळे मिचकावून म्हणाली, "आणि माझा गिलास कोनी नेणार तरी नाही."

ताट, वाटी, चमचा तिने मला पुसू दिले. गिलास नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. पल्लवीची दोनदा सफाई झाली, औषधं झाली, दर तीन महिन्यांनी हिरडीच्या खोलीचे आकडे मोजतात. सात होते तिथे चार आहेत. ते मी माझ्या वहीत तारखेसकट लिहिते, आणि त्यांच्या वहीशी ताडून पाहते. सवय गेलेली नाही. माझे दोन दात गेले, बाकीचे टिकून आहेत, सुतळीचं टोक आता दातात नाही, पायाच्या अंगठ्याखाली धरते. दिवसभरात तोंडात काय जातं त्या यादीत गुडाखूची ओळ मी लिहिली आणि सवय सुटल्यावर खोडली, पण खाडाखोड तशीच ठेवली आहे. बाईने अजून पूर्ण सोडलेलं नाही. "सोडून राहिलो," म्हणते. मॅडमनी तिलाही बजावलं आहे, कुर साधं असलं तरी तंबाखू साधा नाही.

पहाटे आम्ही दोघी पुन्हा दगडावर बसतो, चहा घेऊन. मागच्या आठवड्यात तिने चहा आणला, एक गिलास स्वतः घेतला, एक मला दिला. चहा अर्धा संपला तेव्हा माझं बोट गिलासाच्या बुडाला लागलं. खडबडीत होतं. मी थोडा वर धरून पाहिलं. लाल ठिपका.

मी तिच्याकडे पाहिलं. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.

चुकून दिला की मुद्दाम, याची मला अजून शंका आहे. उरलेला चहा मात्र मी संपवला.